बाहेरचा आकडा

"आत चोवीस हजार तीनशे साठ, अन् बाहेर दोन हजार चारशे छत्तीस. नाना, मी भंगार भरलंय का कापूस?"

ट्रकच्या केबिनमधून रोहिदास हसत बोलला. वजनकाट्याचे मालक सोनबा हसले नाहीत.

"राग नका मानू. पण शेठ विचारतो, बाहेरचा आकडा काय होता. आज वजन पुढच्या काट्यावर करतो," रोहिदास म्हणाला.

ट्रक चाकणच्या दिशेने निघून गेला. इतक्या वर्षांत सोनबांच्या काट्यावरून कुणी दुसरीकडे खात्री करायला गेले नव्हते.

दुरुस्तीसाठी भोसरीहून आलेली तंत्रज्ञ मैत्री तोवर आतला मीटर तपासत होती. मीटर बरोबर होता. तारही.

"नाना, हे दुपारीच होतं का?"

"व्हय. सकाळी ठीक. दिस वर आला की आकडं गळत्यात."

ती शिडीवर चढली. बाहेरच्या डिस्प्लेच्या लोखंडी पेटीला हात लावला आणि पटकन मागे घेतला.

"ही पेटी कुणी केली?"

"म्याच करून घेतली, चिखलीच्या वर्कशॉपात. जाड पत्रा हाय. चोर न्हाई, पाणी न्हाई."

"वाराही नाही." तिने ओले पोते मागितले.

पोते पेटीवर टाकून ती खाली आली. काट्यावर एक रिकामा टेम्पो उभा होता. डिस्प्लेवर २१५ होते, आत २१५०. दोघे बघत राहिले.

"मीटरचं घड्याळ वेगळं, डिस्प्लेचं वेगळं," ती म्हणाली. "दोघांना एकच वेळ सांगणारी तार मधे नाही. मीटर प्रत्येक अंकाआधी 'सुरू' अशी खूण पाठवतो. तिथून डिस्प्ले स्वतःच्या घड्याळावर ठोके मोजत वाचतो. दहा ठोक्यांत एक अंक. 'संपला' ही शेवटची खूण जागेवर सापडली नाही, तर तो अंक टाकून देतो."

"चुकीचा दावत न्हाई?"

"शंका आली की टाकतो."

"आन् फुडचा अंक?"

"नवी खूण, पहिल्यापासून मोजणी. म्हणून काही अंक टिकतात. पण याचं घड्याळ स्वस्तातलं, तापलं की मागे पडतं. पहिल्या ठोक्याला फरक कळत नाही, दहाव्यापर्यंत साठतो."

डिस्प्ले लुकलुकला. २१५०.

सोनबांनी पोत्याखालच्या पेटीकडे बघितले. "म्हंजी माज्याच पेटीनं."

"उद्या चांगल्या घड्याळाचं सर्किट आणते. पेटीला भोकं पाडू. आज डिस्प्ले बंद ठेवा."

ती हत्यारे आवरत होती, तेवढ्यात टेम्पो गेला आणि रोहिदासचा ट्रक परत काट्यावर आला.

"तिकडं लाइन लागलीय, नाना," तो रस्त्याकडे बघत म्हणाला.

सोनबांनी डिस्प्ले बंद केला. मग मीटरपुढच्या खुर्चीवरून उठले. त्या खुर्चीवर दुसरे कुणी बसलेले गावाने पाहिले नव्हते.

"ये. बस हितं. तूच वाच."

"असू द्या हो. तुम्ही सांगा, मी लिहितो."

"न्हाई. तूच वाच."

ते बाहेर आले. काट्यापासून चार हात लांब, खिडकीकडे पाठ करून उन्हात उभे राहिले. आतून रोहिदास एकेक अंक मोठ्याने वाचू लागला. सोनबांनी मान वळवली नाही.