दोन चॅनल की चार

"मांजर चढलं असणार," रादिवोय टेबलाखालून पुटपुटला. "दुसरं कोण येतंय इथे. मांजरच."

मी शेजारीच स्टुलावर बसून आंबट चेरीच्या बिया काढत होते. आमच्याकडे मांजर नाही. शेजारी आहे एक, पण ते म्हातारं आहे, त्याच्याच्याने अंगणाची भिंत चढवत नाही.

"मांजराला तळलेली चरबी कुठून मिळाली?" मी विचारलं.

टेबलाखाली स्क्रू घरंगळल्याचा आवाज आला.

त्याचा मिक्सर पोट उघडून पडला होता. मिक्सर म्हणजे पीठ फेटायचा नव्हे, दोन तबकड्यांवरची दोन गाणी एकमेकांत मिसळायचा. त्याच्या मधोमध एक आडवी कळ असते. ती सरकवली की एक गाणं जातं आणि दुसरं येतं. त्या कळीच्या खाचेत डुकराच्या तळलेल्या चरबीचा चुरा बसला होता, चांगला कुरकुरीत. मागच्या शनिवारी त्या चरबीची बशी मिक्सरवर कोणी ठेवली होती ते मला ठाऊक होतं आणि रादिवोयलाही ठाऊक होतं. पण ठेवणारा वेलिझार होता, आणि वेलिझार आमचा कुम.

कुम म्हणजे लग्नात आपल्या बाजूने साक्षीला उभा राहतो तो, आणि पुढे आपल्या पोरांची नावं ठेवतो तो. वेलिझार आमच्या लग्नात उभा राहिला, त्याचा बाप माझ्या सासऱ्यांच्या लग्नात, आजा आजेसासऱ्यांच्या. भावाशी भांडता येतं, सासूशी तर भांडावंच लागतं, पण कुमाशी नाही. कुम म्हणजे शर्टाचं बटण नव्हे, असं आमच्याकडे म्हणतात. तुटलं, दुसरं लावलं, असा तो प्रकार नाही. त्यामुळे चरबी मांजराच्या नावावर गेली.

"आता नवाच घ्यावा लागणार," बाहेर येऊन गुडघे झटकत रादिवोय म्हणाला. आवाज दुःखी ठेवायचा त्याने प्रयत्न केला, पण ते काही जमलं नाही.

रादिवोय गावातल्या कचेऱ्यांमधली आग विझवायची लाल नळकांडी तपासतो. शाळा, पोस्ट, बँका, दवाखाने. काटा हिरव्यात आहे ना बघायचं, तारखेची चिकटपट्टी लावायची, पुढच्या मजल्यावर जायचं. उभ्या आयुष्यात त्याने एकही आग पाहिलेली नाही. याचं त्याला बरं वाटतं की वाईट, मी कधी विचारलं नाही. घरी आला की कपडे बदलतो आणि परसातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात शिरतो. बाकीच्या बायका त्या खोलीत लोणची घालतात. आमच्या त्या खोलीत दोन रेकॉर्ड प्लेअर, दोन स्पीकर आणि भिंतभर तबकड्या आहेत, आणि लोणची मी घरात घालते. सप्टेंबरात आमच्या पलंगाच्या चादरींनासुद्धा व्हिनेगरचा वास येतो.

पण तो तिथे एकटा वाजवतो ते मी खिडकीतून ऐकलेलं आहे. झोपलेल्या बाळाच्या खोलीत आई शिरते ना, तसं एका गाण्यात दुसरं गाणं शिरतं. पहिलं कधी उठून गेलं ते कळतच नाही. हातातली सुरी थांबते माझी.

शनिवारी दुपारी मात्र वेलिझार येतो. साखर कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस, आवाज मोठा, पंजे मोठे, मन त्याहून मोठं. तरुण होते तेव्हापासून दोघांचा नेम आहे, एक गाणं याचं, एक त्याचं. वेलिझारची पाळी आली की गाणी एकमेकांवर अशी आदळतात, जसे एका टांग्याचे दोन घोडे जिना उतरतायत. शेजारची युलियाना त्या वेळी हटकून दोरीवरचे कपडे आत घेते, भर उन्हात. वेलिझारची बायको विदा माझ्या स्ट्रुडेलकडे, खसखस भरून गुंडाळलेल्या त्या केककडे, टक लावून बघते, जणू त्यात काही लिहिलेलं आहे. आणि रादिवोय म्हणतो, "वा, कुम."

यावर कोणी कधी काही बोललेलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्याने फोन माझ्यापुढे सरकवला. पडद्यावर एक लहानसा डबा होता, दोन्ही कडांना लाकूड, पुढे जुन्या रेडिओसारखी गोल बटणं. आडवी कळ नाहीच.

"दोन चॅनल," तो म्हणाला. "म्हणजे दोन तबकड्यांपुरता. साधा. पण आतलं सामान बघ. यातून जो आवाज येतो ना स्मिल्या, तो असा... ओव्हनमधून पाव काढल्यासारखा."

"आणि हेडफोन?"

"एकच लागतो."

"म्हणजे वाजवणार किती जण?"

"एक," तो म्हणाला. बाहेर बाई ठेवल्याची कबुली द्यावी तशा आवाजात.

"मग घे की."

"कुमाला विचारायला पाहिजे."

"घेऊन टाक आणि मग विचार."

"मग विचारणं म्हणजे सांगणं झालं," तो म्हणाला. "कुमाला कोणी सांगतं का?"

हीच ती चूक. पण आमच्याकडे कुमाला न विचारता माणूस गाडी घेत नाही, भिंत पाडत नाही, दातसुद्धा काढत नाही. शनिवारी वेलिझारने चष्मा लावला, लाकडी कडांच्या डब्याकडे बघून "हं" म्हणाला आणि बोटाने तो सरकवून दिला. पुढे जे आलं ते बघून त्याने फोन दोन्ही हातांनी धरला.

"हा बघ. याला म्हणतात वस्तू. चार चॅनल. दिवे बघ केवढे, विमान चालवतोयस की काय असं वाटेल. आणि इथे, इथे बघ, दोन हेडफोन लागतात. दोन. म्हणजे मला पाळीची वाट बघायला नको. दोघं एकाच वेळी."

"एकाच वेळी," रादिवोय म्हणाला.

"छोट्यावरची धूळ पुसायला सोपी जाईल," विदा म्हणाली.

"धूळ पुसायला घेतंय का कोणी? हे बघ कुम, तू माझा संकोच धरू नकोस. तुला मोठाच पाहिजे, मला कळत नाही का?"

"नाही म्हणजे... हो," रादिवोय म्हणाला.

स्वयंपाकघरात विदाने माझा दंड धरला. "स्मिल्या, तू काहीतरी बोल ना."

"मी कशी बोलू? नवरा तुझा आहे."

"कुम तुमचा आहे."

"तू रात्रंदिवस त्याच्याबरोबर असतेस, एवढं सांगता येत नाही?"

"एकदा म्हटलं होतं, घोरतोस म्हणून," विदा म्हणाली. "आठवडाभर झोपला नाही बिचारा, मला त्रास नको म्हणून. आणि तू हे सांगायला लावतेयस."

आम्ही दोघींनी एकेक घोट प्लमची दारू घेतली आणि स्ट्रुडेल बाहेर नेलं.

मिक्सर घ्यायला नोवी साद शहरात गेलो ते वेलिझारच्या गाडीतून, चौघंही. विदाने वाटेसाठी एवढे सँडविच बांधले होते की कोणाला वाटावं समुद्रावर चाललोत. वाटभर वेलिझार चार चॅनलवर काय काय करता येईल ते सांगत होता आणि रादिवोय खिडकीतून मक्याची शेतं बघत होता.

दुकानदाराचं नाव तिवादार. पिकलेले केस मागे बांधलेले, मऊ आवाज. त्याने दोन्ही मिक्सर शेजारी शेजारी मांडले, तबकड्या दिल्या आणि म्हणाला, "घाई नाही, उस्ताद. हात लावून बघा."

रादिवोय आधी छोट्यापाशी गेला. एक तबकडी ठेवली, दुसरी ठेवली, दोन बोटांनी गोल बटण धरलं. पलीकडे कोणीतरी गिटार सुरात लावत होतं, ते थांबलं. तिवादार बिस्कीट खात होता, त्याचं चावणं थांबलं. मला माझ्या घराची खिडकी आठवली. आमच्या खोलीतल्या खरखरीतून जे थोडं थोडं यायचं, ते इथे सगळं येत होतं, अगदी गाणाऱ्या बाईने मध्येच घेतलेला श्वासदेखील.

"छान आहे," वेलिझार म्हणाला. "पण दिवे नाहीत."

मग तो मोठ्यापाशी गेला आणि घोडे जिना उतरले. या स्पीकरांवर तर जिन्याच्या पायऱ्यासुद्धा मोजता आल्या असत्या. गिटारवाला गिटार भिंतीला टांगून निघून गेला.

"तुमचा हात," तिवादार शब्द शोधत म्हणाला, "तुमचा हात जोरकस आहे."

"कारखान्यातला आहे," वेलिझार खुशीत म्हणाला.

"वा, कुम," रादिवोय म्हणाला. मग दुकानदाराकडे वळून, "मोठा बांधा."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो छोट्याच्या लाकडी कडेवरून अंगठा फिरवत होता, नळकांड्यावरची चिकटपट्टी नीट बसली का बघतो तसा. चार महिन्यांनी सत्तावन्नचा होईल. स्वतःसाठी घेतलेली शेवटची वस्तू म्हणजे गमबूट.

"बांधण्याआधी," तिवादार म्हणाला. बिचाऱ्याला वेळ काढायचा होता बहुतेक. "दोघांनी मिळून ऐकून तर बघा. दोन हेडफोन आहेत ना."

वेलिझार जणू याचीच वाट बघत होता. त्याने हेडफोन घातले, बाही सावरली, रादिवोयला खेटून उभा राहिला. त्या बाही सावरण्यात कोपर लागलं आणि त्याच्या हेडफोनची वायर खाचेतून निसटली. ती त्याच्या गुडघ्यापाशी लोंबत राहिली. त्याला ते दिसलं नाही. रादिवोयने तर डोळे मिटले होते.

"आता ऐक, कुम," रादिवोय म्हणाला. कानावर हेडफोन असले की माणूस जरा मोठ्यानेच बोलतो. "नवं गाणं पुढे पळतंय. पळतंय ना?"

"पळतंय," वेलिझार म्हणाला.

"त्याला बोटाने जरासं धरायचं. असं. आता सोडलं. आता दोन्ही बरोबर. ऐकलंस?"

"हो तर."

"आता बघ, पुन्हा सुटलं."

"सुटलं, सुटलं."

"आणि आता?"

"एकदम," वेलिझार म्हणाला आणि तालात मान हलवू लागला.

लोंबती वायर मानेबरोबर हलत होती. तिवादारने ती पाहिली आणि तोंड उघडलं. मी त्याच्या बुटावर पाय ठेवला. विदा भिंतीवरचा गॅरंटीच्या अटींचा कागद वाचू लागली, अगदी पहिल्या अटीपासून.

मान हलवता हलवता वेलिझारचा हात वायरीला लागला. त्याने ती ओढली. ती यायला लागली आणि येतच राहिली, आणि शेवटी तिचं टोक त्याच्या एवढ्या थोरल्या तळहातावर येऊन पडलं. तो त्याच्याकडे बघत राहिला. रादिवोयने डोळे उघडले.

"या वायरी फार ढिल्या येतात हल्ली," तिवादार म्हणाला.

"उकडतंय किती इथे," मी म्हणाले.

"माझाच धक्का लागला, कुम," रादिवोय म्हणाला. "थांब, परत लावतो."

"नको रे."

वेलिझारने हेडफोन काढले. वायर त्यांच्याभोवती गुंडाळली, एकेक वेढा सारखा करत, टोक आत खोचलं, आणि ते काउंटरवर अलगद ठेवले.

"लावलेली असती तरी काय," तो म्हणाला. "मला ते कधी ऐकूच आलेलं नाही."

"काय?" रादिवोयने विचारलं.

"दोन गाणी बरोबर येतात ते. तू विचारतोस ऐकलंस का, मी म्हणतो हो. म्हटलं दोन हेडफोनचा घेतला तर एकदा तरी तू बोट ठेवून दाखवशील, आणि कळेल मला, डोळे मिटून तू एवढा कुठे जातोस ते."

"काहीतरी बोलू नकोस. तू चांगलं वाजवतोस."

"रादा." कुम सोडून त्याला नावाने हाक मारताना, आणि तीही इतक्या हळू आवाजात, मी वेलिझारला कधी ऐकलं नव्हतं. "तुझी गाणी जुळली ना, की तुझा चेहरा सैल होतो. मला ऐकू येत नाही, म्हणून मी आपला चेहराच बघत आलोय सगळी वर्षं. मी वाजवताना तो एकदाही सैल झाला नाही."