नाडाछडी बांधलेल्या काड्या

बोनआप्फेल नावाचं सफरचंद ऑक्टोबरात झाडावरून काढून तिथल्या तिथे चावणाऱ्याची चांगली खोड मोडतं. टणक तर असतंच, आणि आंबट इतकं की डोळे आपोआप मिटतात. ते पेटीत घालून तळघरात ठेवायचं आणि हिवाळाभर विसरून जायचं. मार्च उजाडला की मग शहाण्यासारखं गोड लागतं. पण धीर धरेल तर ती सुलेखा कसली! जर्मनीतल्या झिंडेलफिंगेन गावामागच्या उतारावरची फ्राउ आयझेलेंची बाग तिने सांभाळायला घेतली आणि पहिल्याच वर्षी त्या कच्च्या फळांचा मेथांबा करून टाकला, कैरीचा करतात तसा. आयझेलेबाईंनी तो पावाला लावून खाल्ला आणि रिकामी बरणी परत करताना आणखी मागितला. एक नव्वदी ओलांडलेली श्वेबियन विधवा आणि एक पुण्याची सॉफ्टवेअरवाली; दोघींचं सूत जमायचं तसं काही कारण नव्हतं, पण जमलं खरं.

बागेतलं ते बोनआप्फेलचं झाड बाईंच्या नवऱ्याने, ऑयगेनने, लग्नानंतरच्या पहिल्या वसंतात स्वतःच्या हाताने कलम करून लावलेलं होतं. माणूस अबोल. मूलबाळ झालं नाही. "त्याने मला कधी फुलं आणली नाहीत. हे झाड तेवढं दिलं," असं बाई म्हणायच्या आणि लगेच विषय बदलायच्या. गेल्या ऑक्टोबरात त्या वृद्धाश्रमात गेल्या. झाडही तोवर आतून पोखरलं होतं. जाताना त्यांनी सुलेखाकडे एकच मागणं केलं: त्याच्या फांदीचं कलम कर आणि मे महिन्यात कुंडी माझ्या खिडकीत आणून ठेव. ऑयगेनच्या झाडाला पान फुटलेलं मला बघायचंय. सुलेखाने त्यांचा हात हातात घेऊन शब्द दिला.

शब्द पाळायला ती जिवापाड झटली. गावातल्या फळबाग मंडळात जाऊन कलम बांधायला शिकली. जानेवारीच्या थंडीत शिडीवर चढून पेन्सिलीएवढ्या सरळ काड्या कापल्या आणि घराच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, ओल्या वाळूत पुरून ठेवल्या. अशा काड्या एप्रिलपर्यंत झोपलेल्या राहतात, मग त्या दुसऱ्या रोपाच्या खोडावर बांधायच्या. घरात सुतळी सापडेना, म्हणून तिने देव्हाऱ्याच्या खणातली नाडाछडी घेतली आणि जुडी बांधली. फेब्रुवारीच्या वादळात झाड वाटेवर आडवं झालं आणि दोन दिवसांत लोकांनी त्याचा भुगा करून नेला. सुलेखाला वाईट वाटलं, पण घोर लागला नाही. काड्या घरात होत्या.

मार्चमध्ये तिचे सासरे, अण्णा, पुण्याहून आले. नव्या घराची वास्तुशांत व्हायची होती. सासूबाई गेल्यापासून अण्णांना आपण कुणाच्या उपयोगाचे उरलो नाही असं वाटे, आणि जर्मनीत तर डिशवॉशर कसा लावायचा इथपासून सगळंच चुकायचं. होमाची तयारी मात्र त्यांची होती. तिथे त्यांना कुणी शिकवणार नव्हतं. गुरुजी म्हणजे कायझर्सलाउटर्नला पीएच.डी. करणारा मल्हार. स्मोक अलार्मला पिशवी बांधली, सुलेखा आणि तिचा नवरा श्रीरंग जोडीने पाटावर बसले. काड्या ओलसर होत्या, धूर फार झाला, सुलेखाच्या डोळ्यांना धारा लागल्या. मल्हार म्हणेल तेव्हा ती एकेक समिधा तुपात बुडवून अग्नीत टाकत होती. स्वाहा म्हणत होती.

एप्रिलमध्ये ती सुरी घेऊन केलरमध्ये उतरली, तर वाळूत काहीच नाही.

"अण्णा, इथल्या काड्या बघितल्या का तुम्ही?"

"त्या समिधा ना? होमात वापरल्या की," अण्णा म्हणाले. "नाडाछडी बांधून ठेवलेल्या, म्हटलं सुलेखा किती विचाराने करते सगळं. दमट होत्या, म्हणून खोली तापवायच्या त्या हायत्सुंगवर वाळवल्या आणि वीतवीतभर तोडल्या."

सुलेखा पायरीवरच बसली. रागवायचं कुणावर? बांधलं तिने, जाळलंही तिने. तिच्याने लपववलं नाही. तिने सगळं सांगितलं, आणि अण्णांचा चेहरा उतरला तो उतरलाच. त्यांना जेवण जाईना. रोज सकाळी एकच पालुपद, "त्या बाईंची माफी मागायला हवी मला."

श्रीरंगचं म्हणणं वेगळं होतं. "नर्सरीतून काड्या मागव. बोनआप्फेल तो बोनआप्फेल, सगळे एकमेकांचे क्लोनच. गेनाऊ, अगदी तेच झाड. त्यांना कळणारही नाही."

"मला कळेल ना."

"मग सांग आणि रडव नव्वदीच्या बाईला."

शेवटी अण्णाच जिंकले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते सुलेखाबरोबर वृद्धाश्रमात गेले. बसमध्ये सुलेखाने जर्मन वाक्यं मनाशी घोळवून पाठ केली.

आयझेलेबाई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी खिडकीची कड रिकामी करून घेतली होती. फोटो, घड्याळ, सगळं कपाटावर हलवलं होतं आणि मधोमध एक बशी ठेवली होती, कुंडीखाली ठेवायची. सुलेखाने ती बशी पाहिली आणि पाठ केलेलं वाक्य बाजूलाच राहिलं.

अण्णांनी वेळ घालवला नाही. हात जोडून ते उभे राहिले आणि सरळ मराठीत बोलू लागले. "बाई, तुमच्या मालकांचं झाड माझ्या हातून गेलं. अजाणता झालं, पण झालं. माझी बायको गेली, तिच्या हातची एक शाल आहे माझ्याकडे. ती कुणी जाळली असती, तर मला काय वाटलं असतं ते मला माहीत आहे. मला क्षमा करा."

बाई त्यांच्याकडे बघत होत्या. मग सुलेखाकडे वळल्या. "आल्झो, काय म्हणतायत ते?"

दोघंही तिच्या तोंडाकडे बघत होते.

"म्हणतायत," सुलेखा म्हणाली, "कलम छान धरलंय. ते स्वतः रोज पाणी घालतात."

आयझेलेबाईंनी अण्णांचे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत घेतले आणि गालाला लावले. त्या रडत होत्या. अण्णाही रडत होते. बराच वेळ कुणी हात सोडवला नाही.

बाहेर आल्यावर अण्णांनी चष्मा पुसला. "काय म्हणाल्या गं?"

"माफ केलं म्हणाल्या."

"मला कळलंच ते. मोठ्या मनाची बाई." ते थोडं थांबले. "मे महिन्यात तू जाशील ना त्यांच्याकडे? मलाही ने. रिकाम्या हाताने का होईना, भेटायचंय पुन्हा."

सुलेखा हो म्हणाली. अण्णा स्टॉपकडे चालू लागले, कितीतरी दिवसांनी ताठ मानेने, आणि चालता चालता म्हणाले की आता घरी जाऊन गरम वरणभात खाऊ. सुलेखा त्यांच्या मागे चालत राहिली. त्यांना थांबवून खरं सांगायला अजून वेळ होता, स्टॉपपर्यंत तरी होता. बस आली. तिने दोघांची तिकिटं काढली आणि अण्णांना खिडकीची जागा दिली.