वर्षाची रजा

नलिनीने सर्टिफिकेट टेबलावरून परत डॉक्टरांकडे सरकवलं.

"डॉक्टरसाब, तीन महीने लिखा है. मैंने एक साल कहा था."

"तीन महीने बहुत हैं, मैडम." डॉ. सक्सेनांनी मान वर केली नाही.

बाहेर बाकावर तिचा नवरा हेमंत लेकीला, चिऊला, मांडीवर घेऊन बसला होता. सात वर्षांची पोर. केस गेले तशी लोकरीची टोपी घालायला लागलेली. कॅन्सरचं निदान झाल्यापासून दोघांनी आळीपाळीने दांड्या मारल्या होत्या. आता एकाने घरी बसायचं ठरलं. कारखान्याचं क्वार्टर हेमंतच्या नावावर, त्याची नोकरी चालू राहायला हवी, म्हणून नलिनीने.

नलिनी कारखान्याच्याच रजा विभागात होती. अकरा वर्षं तिने कारखान्याच्या या इस्पितळाची सर्टिफिकेटं तपासली होती. कामगारांनी वीस दिवस मागावेत, सक्सेनांनी पाच लिहावेत, हा रिवाजच. विभागातले यशवंतराव म्हणत, "एखादे वेळी यम दिवस वाढवून देईल, सक्सेना नाही देणार."

पण घासाघीस केल्याशिवाय उठायचं नाही, हे तीच सगळ्यांना शिकवत आली होती.

"नौ महीने कर दीजिए. बीच में छुट्टी टूटी, तो दुबारा कोई नहीं देगा."

"मैडम..."

"चलिए, छह! बच्ची का सवाल है."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. मग 'तीन' खोडून 'बारा' लिहिलं, खाडाखोडीशेजारी सही केली, शिक्का मारला.

आभार मानायच्या आधी नलिनीने तो आकडा पुन्हा वाचला. त्या सहीपुढे वाढवलेला आकडा तिने आजवर पाहिला नव्हता.

"मैंने छह ही माँगे थे," ती पुटपुटली.

"काग़ज़ पर तो बारह भी लिख सकता हूँ, मैडम," डॉक्टर चष्मा काढून पुसत म्हणाले.

ती बाहेर आली तसा हेमंत उठला.

"काय गं, दिली?"

"वर्षाची."

"सक्सेनाने? देव पावला म्हणायचा!" कित्येक आठवड्यांनी तो हसला. "गुण येणार असल्याशिवाय का एवढी देतील? आता तू घरी आहेस, तर मी उद्यापासून फर्स्ट शिफ्टला जातो."

नलिनीने चिऊला त्याच्याकडून घेतलं, कडेवर बसवलं. ओझं असं जाणवलंच नाही.

"अहो, तुम्हीपण रजा टाका."

"मी? अगं, दोघांनी कशाला? कितीची टाकू?"

"शिल्लक असेल तेवढी," ती म्हणाली आणि चिऊची टोपी कानांवर ओढत पायऱ्या उतरू लागली.