पापडाच्या दिवशी आलेला सर्व्हे

आमच्या अष्टमी गावातल्या गल्लीत उडदाचे पापड कुणी एकटीनं लाटत नाही. एप्रिल लागला की घरं ठरतात. ज्या घरची पाळी, पीठ त्या घरचं. बाकीच्या जणी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन येतात, लाटतात, चहा पितात आणि घरी जातात. मजुरी कुणी मागत नाही, कुणी देत नाही. दुसऱ्या दिवशी सगळा घोळका पुढच्या घरी.

त्या दिवशी पाळी सरूची होती. तिचा नवरा दिनानाथ धाटावला कंपनीत शिफ्टला जातो. पुंडलिकच्या घरातल्या पुढच्या दोन खोल्यांत ही दोघं आणि त्यांचा साईराज भाड्यानं राहतात. ओटीवर आम्ही नऊ जणी लाटत होतो. सुट्टीत गल्लीतली मुलं सकाळी माझ्याकडे वाचायला येतात. त्यांतली ईरा माझ्या मागोमाग आली होती. ती आणि साईराज पिठाच्या लाट्या तेलात बुडवून खात बसली होती. तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र घातलेला एक तरुण दारात आला. त्यानं मोबाइलवर फोटो काढला, घरमालकाचं नाव विचारलं. आम्हाला वाटलं, शिरगणतीचा असेल. सरूनं त्याच्याही हातावर लाटी ठेवली.

मे महिन्यात कागद आला. पालिकेनं यंदा कचरा उचलण्याचे दर बांधून दिले आहेत. घराला कमी, दुकानाला त्याहून जास्त, उद्योगाला सगळ्यांत जास्त. कुणाचं घर कशात बसतं हे पाहायचं काम मात्र ठेकेदाराकडे, आणि वसुलीही त्याच्याचकडे. म्हणजे जितकी घरं उद्योगात, तितका त्याचा फायदा. चौथीतल्या मुलाला हे एकदा सांगून कळतं. दर बांधणाऱ्यांना कळलं नाही.

सरूच्या कागदावर होतं, ‘पापड उद्योग, कामगार अकरा’.

“नऊच तर होतो गो आपण,” सरू म्हणाली.

“मी आणि साईराज,” ईरा म्हणाली. “आम्हाला पण धरलंय.”

आम्ही हसलो, पण ते हसू संध्याकाळपर्यंतच टिकलं. घराची नोंद बदलली तर घरपट्टी वाढेल, हे पुंडलिकला कुणीतरी सांगितलं होतं. भर गल्लीत उभा राहून तो सरूला म्हणाला, “महिनाअखेर खोल्या खाली करा. मला नसती भानगड नको.”

शाळा तोंडावर आलेल्या. दिनानाथला रात्रपाळी सुटल्यावर पायी घरी येता येईल अशी दुसरी जागा मिळेना. सरूनं पालिकेत तक्रार दिली. सुनावणीला मालक म्हणून पुंडलिकलाही बोलावणं आलं. मी सरूबरोबर गेले. पुंडलिकची बायको शांती आमच्याच रिक्षात बसून आली आणि कचेरीत मागच्या बाकावर बसली.

पालिकेच्या साहेबांच्या टेबलाशी ठेकेदाराचा तो फोटोवाला मुलगा उभा होता. हर्षद त्याचं नाव.

“साहेब, फोटो हाय,” तो म्हणाला. “एवढ्या बायका एकत्र काम करतात, म्हणजे उद्योगच ना?”

“मी पण आहे त्या फोटोत,” मी म्हणाले. “आणि ती दोन बालकं. बालकामगार ठेवले म्हणून गुन्हाही लावा.”

साहेबांनी हसू दाबलं. “बाई, आपण सोपं करू. यांनी हमीपत्र द्यावं, की यापुढे घरी पाचपेक्षा जास्त बायका जमवणार नाही. मी नोंद काढून टाकतो.”

मी म्हणाले, “आपल्या घरी कुणाला बोलवायचं, हे कचऱ्याच्या ठरावात कुठे बसतं? आणि कचरा तरी कसला? खाली पडलेली लाटी मुलं सोडत नाहीत.”

“मी सही करणार नाय,” सरू म्हणाली. “चोरून काय केलंय व्हय मी?”

“मग मालकांनी सांगावं,” साहेब म्हणाले. “घरात धंदा चालतो का?”

पुंडलिकनं खांदे उडवले. “मी दिवसभर दुकानात असतो. मला काय ठाऊक?”

मागच्या बाकावरून शांती उठली.

“ठाऊक नाय? फोटोत कडेला हिरव्या साडीत बसलेली ती मी हाय. आदल्या दिवशी ह्याच सगळ्या जणी आपल्याकडे लाटत होत्या. चहा कोणी ओतला? साहेब, लिहा. पुंडलिकशेठ पापड उद्योग. कामगार मी, चहावाले हे.”

हर्षदनं लगेच मोबाइल वर केला. “घर नंबर?”

“अहो, नाय नाय,” पुंडलिक खुर्चीतून अर्धा उठला. “ते घरचं काम हो. आमच्या गल्लीत सगळीकडे असंच चालतं.”

“सगळीकडे?” साहेब सरूकडे बोट करत म्हणाले. “म्हणजे यांच्याकडेही?”

“त्यांच्याकडेपण,” तो खाली बघत म्हणाला.

साहेबांनी नोंदीवर रेघ मारली. हर्षद म्हणाला, “सिस्टीमची चूक हाय, बाई.”

“सिस्टीम ओटीवर आली नव्हती, बाळा. तू आलास. लाटी खाल्लीस, आणि हे पापड कुणाचे, एवढं विचारलं नाहीस. मुलांना मी आधी विचारायलाच शिकवते.”

तो मोबाइलमध्ये बघत राहिला. साहेबांनी पुढची फाइल ओढली. चुकलं, असं दोघांपैकी कुणी म्हणालं नाही. बाहेर बाकावर रांग होती. एकीच्या घरी गुरुवारी भजन होतं, तिला ‘संस्था’ लावली होती. ज्याच्या दारात चार जास्तीच्या चपला दिसल्या, त्याच्याकडून जास्त घ्यायचं, असा हा सर्व्हे.

पायऱ्यांवर पुंडलिक सरूला म्हणाला, “झालं ना मनासारखं? राहा आता.”

“असं नाय,” सरू म्हणाली. “जा म्हणालात ते भर गल्लीत. राहा पण तिथंच म्हणा.”

त्यानं शांतीकडे पाहिलं. ती रिक्षात बसून सरूला जागा करून देत होती. “तुम्ही चालत या,” ती त्याला म्हणाली.

नदीवरचा पूल ओलांडून तो घामाघूम होऊन गल्लीत आला, तेव्हा दारादारांत माणसं उभी होती. पहिल्यांदा तो नुसता पुटपुटला. सरू उंबऱ्यावरून हलली नाही. मग त्यानं घसा साफ केला आणि शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाला, “राहा.”