शर्यतीची काहील

माझ्या जन्माच्या वेळी मी स्वतः हजर होतो, पण त्या दिवशी मला काहीच दिसत नसल्यामुळे पुढचं सगळं ऐकीव आहे. हिवाळ्यात आजी चहा ओतायला बसली की हे ऐकायला मिळायचं. वाटी अर्धीच भरायची, गोष्ट मात्र काठोकाठ. त्यातली मेंढी दरवर्षी थोडी लठ्ठ होत गेली. आजी गेली त्या वर्षी ती साधारण घोड्याएवढी झाली होती.

आम्हा कझाकांकडे सुनेला कळा सुरू झाल्या की गल्लीतल्या बायका काहील चढवतात. काहिलीत मांस, पोटात मूल. आधी कोण तयार होतं याची शर्यत. आतल्या मुलाला चेव येतो आणि ते घाईने बाहेर पडतं, अशी समजूत. शास्त्राचं मला माहीत नाही, पण त्या सुमारास मी बराच अस्वस्थ होतो.

ही गोष्ट सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीतली. गावच्या प्रसूतिगृहात तेव्हा नातेवाइकांना बंदी होती. नवरे बर्फात उभे राहून वरच्या खिडकीकडे बघत "मुलगा की मुलगी?" म्हणून ओरडायचे, आणि वरून उत्तराबरोबर खाणंपिणं भरून द्यायला दोरीला बांधलेली रिकामी पिशवी खाली यायची. माझ्या बहिणीच्या वेळी आई, म्हणजे रौशान, तिथल्या बोळात आठ तास ढकलगाडीवर एकटी पडून होती. कळवळून ओरडली तेव्हा एक आया म्हणाली, "नवऱ्याजवळ निजताना ओरडली नाहीस, मग आताच बरा घसा फुटला!" आई म्हणायची, दुखणं मी विसरले, ते वाक्य नाही विसरले.

म्हणून माझ्या वेळी ती प्रसूतिगृहाच्या अंगणापर्यंत आली आणि बाकावर बसली.

"मी एकटी आत जाणार नाही. आपा बरोबर येतील, नाहीतर इथेच काय व्हायचं ते होऊ दे." आपा म्हणजे कुणीही वडीलधारी बाई; इथे तिची सासू, माझी आजी कुलिमखान.

"अगं, ऊठ ना," बाबा कुजबुजले. "लोक बघतायत."

"बघू देत. आत कुणी बघत नव्हतं."

आजीने सुनेकडे पाहिलं, कुलूपबंद दाराकडे पाहिलं, आणि मुलाला म्हणाली, "एरबोलात, घसरगाडीवर काहील घालून आण."

अर्ध्या तासात अंगणात सात बायका, तिवई, सक्सौलची लाकडं आणि कापलेली मेंढी हजर. पाण्याला आधण येत होतं, मांस अजून पडायचं होतं, तेवढ्यात मोठ्या डॉक्टरीण सल्तनत ओराझोव्ना बाहेर आल्या.

"हे काय चाललंय?"

"स्वयंपाक," आजी म्हणाली.

"दवाखान्याच्या अंगणात?"

"कळा इथे आहेत, डॉक्टरबाई. त्या घरी असत्या तर काहील घरी असती."

"आपा, नियम आहे. नातेवाईक आत जंतू आणतात."

"माझ्यातले जंतू? सात बाळंतपणं घरी काढली मी. ते कधीच कंटाळून निघून गेलेत."

इतक्यात इमारतीतली वीज गेली. त्या वर्षी ती जायचीच. पण पाणी तापवायचा बंबही थंड होता, कारण बंबवाला तीन दिवसांपूर्वी एका लग्नाला गेला होता आणि लग्न अजून संपलं नव्हतं. आत तीन बायका अडलेल्या, गरम पाण्याचा थेंब नाही. डॉक्टरीणबाई काहिलीकडे बघत राहिल्या.

"आपा... ते पाणी लागेल मला."

शेजारची बतिमा काहिलीवर आडवीच झाली. "द्यायचं नाही! मांस कच्चं राहील, शर्यत जाईल!"

सगळ्यांना वाटलं, आजी आता अट घालणार. ती म्हणाली, "बादल्या आणा. आतल्या पोरींनी माझं काय वाकडं केलंय?"

बादल्या भरल्या. डॉक्टरीणबाई वळणार, तेवढ्यात आईला मोठी कळ आली आणि तिने बाईंची बाही घट्ट धरली. कळ ओसरल्यावरही सोडली नाही.

"डॉक्टरबाई, तुमच्या वेळी तुमच्याजवळ कोण होतं?"

बाई म्हणाल्या, "कुणी नाही."

त्यांनी खिशातून कागद काढला, आजीच्याच पाठीवर ठेवला आणि लिहिलं: कुलिमखान आपा, वय त्रेसष्ट, हंगामी बंबवाला, आजपासून. बंबवाल्याचा डगला आजीच्या घोट्यापर्यंत आला.

"मी तुम्हाला कामावर घेतलंय," त्या करड्या आवाजात म्हणाल्या. "सासू म्हणून आत सोडलेलं नाही."

"बरं झालं. सासू म्हणून मलाही कंटाळाच आला होता."

एका हातात बादली, दुसऱ्या हाताने सून, अशी आजी आत गेली. ती आईच्या कमरेखाली मूठ दाबून बसली आणि बतिमाच्या नव्या कवळीची सगळी हकिगत सांगत राहिली. कवळी आधी बकरीला सापडली होती. आई मध्येच हसायची, मध्येच किंचाळायची. तीच आया पुढे येऊन "ओरडायचं ना—" म्हणायला लागली, तशी आजी म्हणाली, "ओरडू दे की. तुझा घसा वापरते का ती?" अख्ख्या दुपारभरात आजी एकदाही "सोस" म्हणाली नाही. आई हे सांगताना नेहमी चहाची वाटी उगाच फिरवायची.

तीनला दहा कमी असताना मी आलो. बाहेर काहिलीत नवीन पाणी टाकलेलं, मांस अजून लालच. शर्यत मी जिंकली. बतिमा आजही मला रस्त्यात गाठून म्हणते, "दुसऱ्याचं पाणी पळवून जिंकलास, लबाडा!"

आजीला मात्र लगेच बाहेर पडता आलं नाही. शेजारच्या खाटेवरचीने तिचा डगला धरला, मग पलीकडचीने. उन्हं उतरताना ती दमून बाकावर येऊन बसली, तेव्हा कुठे मांस शिजलं होतं. पहिला घास तोंडात गेला आणि वरची खिडकी उघडली.

"आपा!" आई ओरडली. "उद्या सकाळी लवकर या!"

"का गं? अजून एक राहिलंय की काय आत?"

"माझं नाही हो! सात नंबरची विचारतेय, बंबवाल्या आजी परत येणार ना?"

आजीने घास गिळला, बोटं चाटली आणि बतिमाकडे वळली.

"उद्या सकाळी आमच्या गाईचं दूध तू काढशील का गं?"