पुरणपोळी आणि शेवटचं रीळ

त्या रविवारी नरहरीला चिडायला कारणांची टंचाई नव्हती. पहिलं कारण म्हणजे रविवारच. ज्या सिनेमासाठी तो चाळीस वर्षं थांबला होता, त्याचा रायपुरात एकच खेळ होणार होता, दुपारी साडेतीनचा, आणि नेमक्या त्याच दिवशी त्याच्या घरी महालक्ष्म्यांचं जेवण होतं. दुसरं कारण असं, की यात काही वाईट झालंय असं त्याच्याशिवाय कुणालाच वाटत नव्हतं. ऑफिसात सांगावं तर लोक म्हणत, "पिक्चर ही तो है, यार." घरी सांगावं तर त्याची बायको क्षमा हरभऱ्याची डाळ निवडता निवडता म्हणे, "अहो, महालक्ष्म्या वर्षातून एकदाच येतात." जसा काही तो सिनेमा दर शनिवारी येत होता.

सिनेमा परदेशी होता, जुना. त्याचं खरं नाव रेल्वे कॉलनीत कुणाला उच्चारता येत नसे, म्हणून सगळे त्याला 'यानवाला' म्हणत. नरहरी अकरा वर्षांचा असताना रेल्वे इन्स्टिट्यूटच्या मैदानात पडदा बांधून तो दाखवला होता. चंदेरी पोशाखातला एक माणूस एकटाच यानात बसून निघतो. दूरच्या ग्रहावर यंत्रांनी माणसांसाठी एक शहर बांधलं आहे, ते पाहून यायचं असतं त्याला. घुमटांची घरं, काचेच्या नळ्यांतून धावणाऱ्या गाड्या, सगळं हाताने रंगवलेलं. वाटेत नाना संकटं येतात आणि शेवटी यान उतरतं, दार उघडतं, पायऱ्या खाली येतात. नेमका तेव्हा मैदानात कॉलमन आला. गार्ड-ड्रायव्हरांना ड्यूटीवर बोलवायला सायकलीवरून फिरणारा तो रेल्वेचा माणूस. त्याला कसला सिनेमा आणि कसलं काय. नरहरीचे वडील मालगाडीचे गार्ड होते. त्यांनी एका हाताला मुलगा धरला, दुसऱ्या हाताला आपली धाकटी बहीण इंदू, म्हणजे नरहरीची आत्या, आणि दोघांना घरी पोचवून ते गाडीवर गेले. नरहरी रस्ताभर भोकाड पसरून रडला. शेवटचं रीळ राहिलं ते राहिलंच.

पुढे त्याने या वेडाला सगळं आयुष्य वाहिलं म्हटलं तरी चालेल. त्या काळी घरोघरी रशियन मासिकं येत. त्यांचा कागद जाड आणि गुळगुळीत, म्हणून आया त्याची वह्यांना कव्हरं घालत. त्या कागदांवर उद्याची शहरं असत, आकाशातले पूल, रॉकेटच्या आकाराच्या मोटारी. इतर पोरं वर्ष संपलं की वह्या रद्दीत देत; नरहरी आधी कव्हरं सोडवून घेई. आता ती सगळी इस्त्री करून, पारदर्शक पिशव्यांत घालून, शंकर नगरच्या घरातल्या लोखंडी कपाटात बसली होती. अंतराळातला, राक्षसांचा, जादूच्या आरशांचा कुठलाही सिनेमा लागला की तो पहिल्या दिवशी जाई. पण 'यानवाला' त्याने फोनवर कधी पाहिला नाही. मुलगी कौमुदीने एकदा तो कुठूनसा शोधून दिला, तर हा तिच्यावरच खेकसला, "एवढं मोठं यान तळहातावर उतरवतेस काय?" कुणी शेवट सांगायला लागलं, तर तो चारचौघांत कानात बोटं घाली.

खरं तर अशा माणसाला नवा रायपूर, सरकारने जुन्या शहराबाहेर आखून बांधलेलं ते कोरं शहर, आवडायला हवं होतं. त्याची नोकरी तिथेच, मंत्रालयात. बाकीचे सहकारी रोज जाण्यायेण्याला शिव्या घालत. नरहरीची तक्रार वेगळीच होती. त्याला वाटे, चित्रातल्यासारखे रस्ते तर केले, मग चित्रातला आनंद कुठे सांडला? संध्याकाळी स्टाफची बस चुकली, की त्या रुंद रस्त्याच्या कडेला तास तास बसून राहावं लागे. दिवे सगळे लागलेले, दुभाजकावरची झाडं कातरलेली आणि नजर पोचेल तिथवर चिटपाखरू नाही. अशा वेळी तो स्वतःवर, बसवर आणि सरकारवर आळीपाळीने संतापत असे.

तर मॉलमधल्या थिएटरने जुन्या सिनेमांचा आठवडा काढला आणि त्यात 'यानवाला' आला. नरहरीने पहिल्याच दिवशी तिकीट काढलं. चार दिवसांनी मॅनेजरचा फोन आला, "सर, आपके अलावा कोई बुकिंग नहीं है। पंद्रह टिकट भी नहीं हुए तो शो कैंसल करना पड़ेगा।" नरहरीने ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. कुणाला मॅच होती, कुणाला सासू होती. शेवटी त्याच्या डोक्यात आलं, की रविवारी दुपारी पंधराच्या वर माणसं आपल्या घरी आयती जमणारच आहेत.

त्याने महालक्ष्म्यांच्या आमंत्रणालाच शेपूट जोडलं. जेवण झालं की सगळ्यांना सिनेमा, आपल्याकडून. शेजारचे दत्तोपंत, रेल्वेतून रिटायर झालेले, त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"एसी चालू राहते नं तिथं?"

"राहते, काका."

"मंग येतो. पिक्चर कोणता का असेना."

भादव्याच्या उकाड्यात याच एका शब्दावर सगळे तयार झाले. क्षमा मात्र घरीच राहणार होती. महालक्ष्म्या बसलेल्या असताना घराला कुलूप लावत नाहीत, आणि संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका यायच्या होत्या. तिने नवऱ्याला दोन अटी घातल्या.

"पंगत उठल्याबिगर पाय बाहेर टाकायचा नाही. अन् ताटात वाढलेलं टाकायचं नाही. मंजूर असेल तं जा."

नरहरीने मंजूर म्हटलं. आपण अर्धीच पोळी घ्यायची, असं त्याने मनात ठरवून ठेवलं होतं. पुरण काय करतं हे त्याला ठाऊक होतं.

पण त्या घराची रीत अशी, की महालक्ष्म्यांसाठी रांधलेलं उंबऱ्याबाहेर जात नाही. डब्यात भरून कुणाला द्यायचं नाही, ताटात टाकायचं नाही. यजमानाने सगळ्यांच्या मागून बसायचं आणि उरलंसुरलं संपवायचं. आरतीला उशीर झाला, पहिली पंगत रेंगाळली, आणि नरहरी पानावर बसला तेव्हा घड्याळ पुढे पळत होतं. वाढायला इंदू आत्या होती. लग्न होऊन ती बिलासपूरला गेली होती, पण महालक्ष्म्यांना दर वर्षी माहेरी येई. तिने पहिली पोळी वाढली, तुपाची वाटी तिच्यावर पालथी केली. मग दुसरी आणली.

"आत्या, नको. खरंच नको."

"घे रे नरू, वर्षाचा सण आहे."

"मले पिक्चर पाहाचा आहे."

"मंग? पिक्चर काय दातानं पाहाचा आहे?"

दुसरीनंतर तिसरी आली आणि क्षमाच्या नजरेसमोर चौथीही आली. सोळा भाज्यांची भाजी, कढी, वडे, पाटवड्या होत्याच. नरहरी चिडून चिडून जेवला, आणि चिडून जेवणारा माणूस भरभर जेवतो. "आत्या, तू बस आता," असं कुणी म्हटलं, तेव्हा ती म्हणाली की आपलं पोट बरं नाही. तिने ज्वारीची आंबील तेवढी वाटीभर प्यायली आणि पदराला हात पुसून निघायला तयार झाली.

थिएटरात पंगत जशीच्या तशी जाऊन बसली. बायकांच्या काठपदराच्या साड्या, पुरुषांच्या कपाळावर अक्षता. दिवे गेले आणि पडद्यावर हाताने रंगवलेलं आकाश उघडलं. नरहरी खुर्चीत पुढे सरकला. प्रत्येक चित्र त्याला पाठ होतं, तरी इतकं मोठं आणि इतकं स्वच्छ ते आज पहिल्यांदाच दिसत होतं. यानाच्या पत्र्यावर ब्रशचे फटकारे दिसत होते. कुणीतरी टेबलावर वाकून, जीव ओतून, न पाहिलेल्या दिवसांचं चित्र काढलं होतं. ते कुणाला तरी दाखवावं म्हणून तो डावीकडे वळला. दत्तोपंत घोरत होते.

उजवीकडे कौमुदीचं डोकं तिच्या मैत्रिणीच्या खांद्यावर पडलं होतं. मागच्या रांगेतून निरनिराळ्या सुरांत घोरणं येत होतं. यान उल्कांच्या पावसात सापडलं तेव्हा नरहरीने दत्तोपंतांना कोपराने ढोसलं.

"काका, पाहा तं."

"पाहून राहिलो," दत्तोपंत डोळे न उघडता म्हणाले.

नरहरीला संताप आला. माणसं एवढी कशी मातीची असतात? एका माणसाने आयुष्यात एक गोष्ट मागितली, ती त्यांच्यासमोर मांडली, आणि हे लोक तिच्यासमोर लुडकले! आत्याकडे त्याने पाहिलंच नाही. ती रांगेच्या टोकाला भिंतीला टेकून बसली होती, म्हणजे झोपलीच असणार. तो एकटाच ताठ बसून राहिला. मध्यंतर झालं, कुणी उठलं नाही. मग ते शहर दुरून दिसलं. घुमट चमकायला लागले. यान खाली यायला लागलं, सावकाश, आवाजाशिवाय, जसं त्या मैदानात आलं होतं तसंच. नरहरीच्या डोळ्यांत पाणी आलं. पाणी पुसावं म्हणून त्याने डोळे मिटले.

उघडले तेव्हा दिवे लागले होते.

त्याला वाटलं, दुसरं मध्यंतर असेल. मग त्याच्या पायांशी एक माणूस झाडू घेऊन आला आणि म्हणाला, "पैर उठाइए, भैया।" पडदा पांढराफटक होता. लोक आळोखेपिळोखे देत दाराकडे निघाले होते. दत्तोपंत ताजेतवाने होऊन म्हणाले, "मस्त होता. एसी बी मस्त."

"कौमुदी," नरहरीने तिला दाराशी गाठलं. "मले उठवलं काहून नाही?"

"पापा, मैं तो खुद सो गई थी।" ती डोळे चोळत होती. "आप भी सो गए थे क्या?"

तो मॅनेजरकडे धावला. शेवटची दहा मिनिटं पुन्हा लावा म्हणाला. मॅनेजर नम्र होता. पुढच्या खेळाची माणसं बाहेर उभी होती. नरहरी जिन्याजवळच्या खुर्चीत जाऊन बसला. पोटात चार पुरणपोळ्या दगडासारख्या बसल्या होत्या. त्याला त्या पोळ्यांचा राग आला, अटींचा आला, कॉलमनचा आला, कधीच्या वारलेल्या वडिलांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. रडावंसं वाटत होतं, पण आता हात धरून घरी न्यायलाही कुणी नव्हतं.

कौमुदी पाहुण्यांसाठी ऑटो पाहायला खाली गेली. इंदू आत्या येऊन त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली. तिचे डोळे लाल होते, पण झोपेने नव्हे. नरहरीने ते पाहिलं.

"आत्या, तू जागी होती?"

"हव." बिलासपूरने तिला हा शब्द दिला होता.

"पूरा पाहिला?"

"पूरा."

"मंग मले उठवलं काहून नाही? एवढं हलवाले काय झालं होतं?"

आत्याने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुह्याकडे उठून आली असती तं माहं पाहाचं राहून गेलं असतं," ती म्हणाली.

नरहरी खुर्चीतच तिच्याकडे वळला.

"त्या दिवशी दादानं काय तुलेच एकट्याले उठवलं होतं? माहा बी हात धरला होता त्यानं. तू निदान रडून घेतलं. मी एकोणीस वर्षांची पोट्टी, मले रडता बी येत नव्हतं. अन् तेव्हापासून या घरात एकच गोष्ट, नरूचा पिक्चर राहिला, नरूचा पिक्चर राहिला. इंदूचा बी राहिला, असं कोणी म्हटलं काय?"

कुणीच म्हटलं नव्हतं. ती कव्हरं सोडवायला त्याला ब्लेड कुणी दिलं होतं, तेही नरहरीला आत्ता आठवलं.

"म्हणून आंबील पेली तू?"

"पुरण खाऊन या घरात कोणी जागं राहिलं आहे काय?"

"अन् मले चार वाढल्या."

"तू नको म्हणत होता. नको म्हणणाऱ्याले वाढाचंच असते." मग ती जरा हळू आवाजात म्हणाली, "मले काय माहीत, तू बी झोपशील म्हणून. सांगू काय शेवट?"

नरहरीची बोटं सवयीने कानांपर्यंत गेली आणि तिथून परत आली. "सांग," तो रागानेच म्हणाला.

"दार उघडलं. पायऱ्या खाली आल्या. तो उतरला. समोर तेच शहर, घुमटवालं. दिवे सगळे लागलेले. रस्ते हे एवढे मोठे. नळ्यातून गाड्या आपोआप जाऊन राहिल्या, रिकाम्या. अन् माणूस एक नाही."

"मेले काय सगळे?"

"मेले नाही. आलेच नव्हते. शहर बांधून तयार ठेवलं, अन् येणारे आलेच नाही."

"मंग तो काय करते?"

"हाका मारते. कोणी ओ देत नाही. मंग रस्त्याच्या कडेले बसते अन् वाट पाहत राहते. खतम."

 नरहरीच्या तोंडून कडवट हसू निघालं. "याच्यासाठी थांबलो होतो मी? हे तं मले रोजचंच आहे. बस चुकली की नव्या रायपुरात मी हेच करतो."

"खरं?"

"खरं नाही तं काय. तिथं पाहाण्यासारखं काही नाही, आत्या."

आत्याने त्याचं म्हणणं ऐकलंच नाही असं वाटलं. ती पांढऱ्या पडद्याकडच्या बंद दाराकडे पाहत होती. "दिवे बी तसेच लागतात?"

"तसेच."

"पडद्यावर लई लवकर संपलं रे," ती म्हणाली. "तुह्या ऑफिसाची बस किती वाजता चुकते?"

खालून कौमुदीने हाक मारली, ऑटो आले होते. नरहरी उठला आणि आत्याला उठायला हात दिला.

"साडेपाचले," तो म्हणाला.

"मंग उद्या चुकव. महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं की मी येते तिथं."

नरहरी अजून रागातच होता. त्याने मान हलवली आणि तिचा हात धरून तो जिना उतरायला लागला.