घोणस नव्हे, डुरक्या

त्रिंबक मास्तरांना सापांचं भारी वेड. शाळेत शास्त्र शिकवायचे, पण भवानी पेठेत साप निघाला म्हटलं की हातातला घास टाकून धावायचे. म्हणूनच गिरणीतल्या जोतीरामच्या पोरीला, विजयमालाला, मामाच्या मळ्यात भुईमूग उपटताना साप चावला, तेव्हा दवाखान्याकडे निघालेला टांगा आधी मास्तरांच्या दारात थांबला. मारलेला साप डब्यात घालून आणला होता.

सगळे म्हणत होते, घोणस. आई सारजाबाई ऊर बडवत होती. पोरीची नुकतीच सुपारी फुटलेली. नवऱ्या मुलाचे चुलते महिपतीही धावत आले होते.

मास्तरांनी काठीनं साप उलटापालटा केला. घोणशीच्या अंगावर सुट्या ठिपक्यांच्या तीन माळा असतात. याचे डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले. डोकं मानेपासून वेगळं दिसत नव्हतं. शेपूट आखूड, किसणीसारखं खरबरीत. पोरीच्या हातावर नुसते ओरखडे, सूज नाही. मास्तरांचा चेहरा उजळला.

"अहो, रडता काय! डुरक्या आहे हा. भुसभुशीत मातीत अंग पुरून, नाक तेवढं बाहेर ठेवून उंदराची वाट बघत बसतो. आवळून मारतो बिचारा. विष अजिबात नाही!"

कुणीच हसलं नाही. सारजाबाईनं पोरीचा हात पदराखाली झाकला. महिपती मागं सरले.

"डुरक्या? त्यो चावला की अंग झडतंय, मास्तर. महारोग व्हतोय."

"थोतांड आहे ते!"

"आसंल. तुमाला न्हाई सून करून घ्यायची."

मास्तरांनी घसा फोडला, पुस्तकं दाखवली. लग्न मोडलं ते मोडलंच. नळावर बायका तिच्या घागरीला आपली घागर लागू देईनात. मास्तरांना वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. काय ही माणसं!

एकदा ते मुद्दाम जोतीरामकडे गेले, पाणी मागितलं. विजयमालानं तांब्या हातात दिला नाही, उंबऱ्यावर ठेवला. मास्तर घटाघटा प्यायले.

"गुरुजी, तुमी घोनसच हाय म्हनला असता तर?"

"खोटं कसं सांगू, पोरी?"

"पन मी जगलेच असते न्हवं तरीबी? देवानं वाचीवली म्हनून समद्यांनी ववाळलं असतं मला."

मास्तरांनी रिकामा तांब्या उंबऱ्यावर ठेवला. तिनं तांब्या उचलला, राखेनं घासला आणि घरात न नेता दाराबाहेर, आपल्या वेगळ्या काढलेल्या ताटाशेजारी पालथा घातला.